सिल्व्हरमधला तुझा दुसरा आयडी

प्रिय मित्रा,

तू आडपडदा न ठेवता विचारलंस ते बरं केलंस. व्हॅलोरंट या ऑनलाइन नेमबाजीच्या खेळात तुझा मेन आयडी इमॉर्टल या वरच्या रँकला, दुसरा सिल्व्हर या बऱ्याच खालच्या रँकला; रात्री डोकं शिणलं की दुसऱ्यावर दोन मॅच मारतोस, त्यात काय बिघडलं? बरोबर-चूक नंतर बघू, आधी साधा हिशोब करू.

व्हॅलोरंट घे की त्याच्यासारखाच काउंटर-स्ट्राइक, रँकमागची मूळ कल्पना बुद्धिबळातली. अर्पाद एलो नावाच्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाची गुणांकन पद्धत फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने १९७० मध्ये स्वीकारली. तगड्याला हरवलंस तर भरपूर गुण, लिंबूटिंबूला हरवलंस तर चिमूटभर. पुढे आलेल्या पद्धतींनी त्यात एक भर घातली: खेळाडू नवा असेल तर त्याच्याबद्दल खात्री कमी, म्हणून सुरुवातीला प्रत्येक निकालागणिक त्याचा आकडा जास्त हलतो. म्हणजे तुझ्या हाताचा माणूस नव्या आयडीवर मनापासून खेळला, तर सिल्व्हरमध्ये त्याचा मुक्काम फार दिवस राहूच शकत नाही. तुझा गणपतीत काढलेला आयडी होळी आली तरी तिथेच आहे. मग मधल्या मॅच तू मुद्दाम सोडतोयस, म्हणजे न खेळता हरतोयस, दुसरं कारण मला तरी दिसत नाही. हे मात्र तू मला कळवलं नाहीस!

तुला वाटतं, फार तर समोरचे पाच जण चिडत असतील. पण ज्या मॅच तू सोडतोस, त्यात तुझ्याच बाजूचे चार जण बुडतात. त्यातला एखादा घाटकोपरच्या कॅफेत तासाचे पैसे मोजून बसलेला असतो. घरी पीसी नाही, दिवसभर काम, आठवड्यातून एकदाच मिळणारी संध्याकाळ. तेरा राउंड जिंकायची मॅच, सहज अर्धा-पाऊण तास खाते. त्याच्या तासातली ती मॅच तू बाजूच्या टॅबवर रील बघत घालवलीस, आणि तो हेडफोनमध्ये "भाई, साइटवर ये ना" म्हणत राहिला. त्याला कधीच कळणार नाही की त्याचं काही चुकलं नव्हतं.

मुंबईच्या क्रिकेटमधली कांगा लीग तुला ठाऊक आहेच. १९४८ पासून भर पावसाळ्यात, ओल्या खेळपट्टीवर चालणारी, आणि तिच्यात वेगवेगळे डिव्हिजन. ए डिव्हिजनचा फलंदाज नाव बदलून खालच्या डिव्हिजनमध्ये शतक ठोकायला गेला, तर आझाद मैदानात चहावाल्यापासून अंपायरपर्यंत सगळे त्याला नावानिशी ओळखतील आणि संध्याकाळपर्यंत बातमी दादरला पोचेल. ऑनलाइन ही लाज वाटायची सोयच नाही, म्हणून ती आपली आपण बाळगावी लागते.

आता तुझ्या खेळाबद्दल. मला खरी काळजी त्याची आहे. परवा तू पाठवलेली क्लिप मी थांबवून थांबवून पाहिली. असेंट नकाशावर बी मेन या वाटेतून बाहेर पडतोस तेव्हा डावा कोपरा तपासतच नाहीस. आड घ्यायला स्मोक नाही, समोरच्याचे डोळे दिपवायला फ्लॅश नाही, सरळ अंग उघडं टाकून बाहेर डोकावणं. पाय थांबायच्या आधीच पहिली गोळी सुटते, ती कुठेही जाते, तरी तू वाचतोस. का? कारण समोरच्याचा क्रॉसहेअर, म्हणजे नेमाची खूण, तुझ्या गुडघ्याशी आहे आणि तोही पळतापळताच मारतोय. दुसरी गोळी डोक्यात, क्लिप तयार. हीच चाल तू मेन आयडीवर करतोस तेव्हा कोपऱ्यातला माणूस डोक्याच्या उंचीवर व्हँडल रायफल रोखून बसलेला असतो, आणि तू मला मेसेज टाकतोस की टीम बेकार होती. हात त्याच सवयी लावून घेतो ज्यांची शिक्षा त्याला मिळत नाही. सिल्व्हरच्या लॉबीत तू रोज तासभर चुकीचा रियाज करतोयस.

सगळेच दुसरे आयडी मी एका मापाने मोजत नाही. आवाज ऐकला की लोक त्रास देतात म्हणून एखादी मुलगी वेगळ्या नावाने, पण आपल्याच रँकला खेळते. तिला कोण नावं ठेवणार? नवा एजंट, म्हणजे खेळातलं नवं पात्र, शिकायचंय? त्याला रँक न मोजणारे अनरेटेड आणि डेथमॅच हे प्रकार आहेत. चाळीतल्या मित्रांबरोबर खेळायचंय, ते सिल्व्हर-गोल्डला आहेत? पाच जण जमवा. पाचांच्या पार्टीला रँकचं अंतर आड येत नाही. चौघांना मात्र रँकमध्ये घेत नाहीत, तेव्हा पाचवा शोधून ठेवा. आणि लेव्हल वीसपर्यंत चढवलेला तयार आयडी विकत घ्यायच्या भानगडीत पडू नकोस. नियमात बसत नाही, शिवाय विकणारा तोच आयडी परत ओढून घेतो ते वेगळंच.

कंपन्या बघत नाहीत असंही समजू नकोस. डोटा २ हा नेमबाजीचा खेळ नाही, पण तिथलं उदाहरण लक्षात ठेव: सप्टेंबर २०२३ मध्ये तो बनवणाऱ्या व्हॉल्व्हने नव्वद हजार स्मर्फ खाती, म्हणजे तुझ्यासारखे दुसरे आयडी, बंद केली, आणि प्रत्येक खात्याचा माग त्याच्या मेनपर्यंत लावल्याचं सांगून टाकलं. यापुढे शिक्षा मेनलाही होऊ शकते, असंही बजावलं. तुला कॉलेजच्या टीमसाठी ट्रायल द्यायची आहे ना? तिथे मेनच दाखवावा लागेल.

मला विचारशील तर कंटाळा हे तुझं कारण नाहीच. एक पायरी खाली असेन्डंटला घसरलास तर ग्रुपमध्ये काय तोंड दाखवायचं, या धास्तीने तुझा मेनवर मॅच लावायला हात धजत नाही. धास्ती मला समजते. पण घसरलास तर घसरलास. पंधरा दिवस तिथेच घाम गाळलास तरी तो कोपरा तपासायला शिकशील.

शनिवारी क्लासनंतर ये. मेनवर हरलेल्या दोन मॅचचं पूर्ण रेकॉर्डिंग आण, जिंकलेल्यांच्या क्लिप नकोत. आणि येताना माउस तुझाच आण, माझ्याकडच्याचं स्क्रोल अडकतंय.

तुझा,
दादा