उद्यान सगळ्यांचं असतं, मग अल्ट्रा शर्यतींवरच बंधनं का?

सार्वजनिक उद्यानांत अल्ट्रा शर्यतींवर, म्हणजे मॅरेथॉनहून लांब पल्ल्याच्या शर्यतींवर, बंधनं का, असं तुम्ही विचारलंत. त्या प्रश्नातलं एक वाक्य मला टोचलं. "उद्यानात गुरं चरलेली चालतात, घोडे चालतात, मग वर्षातून एकदा तीनशे माणसं पळाली तर काय बिघडतं?" जवळजवळ हेच वाक्य, गुरांसकट, माझ्या एका मित्राने 2017 मध्ये पार्किंगमध्ये उभं राहून मला ऐकवलं होतं. तेव्हा मी गप्प बसलो, कारण रागात मला नीट बोलता येत नाही. आता नऊएक वर्षं विचार करून झालाय, तर सांगतो.

मी स्वतः पळतो. कॅलिफोर्नियात, ईस्ट बेच्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपूर्वेच्या टेकड्यांवर, पंधरा-सोळा वर्षं झाली. 50 मैल सहा वेळा, 100 मैल दोनदा, त्यातलं एकदा कटऑफला, म्हणजे शर्यत संपवायच्या मुदतीला, अकरा मिनिटं उरली असताना. तेव्हा मला झाडंवाल्यांच्या टोळीत ढकलून मोकळं होऊ नका. बंधनं हवीत, असं माझं सरळ मत आहे. पळणाऱ्यांच्या ग्रुपवर हे बोललं की लोक मला टाळतात. टाळोत.

त्या हिवाळ्यात पाऊस असा लागून राहिला होता की विचारू नका. त्याच फेब्रुवारीत वर ओरोव्हिल धरणाच्या सांडव्याला भगदाड पडलं आणि खालच्या पावणेदोन लाखांहून जास्त लोकांना रातोरात घरं सोडावी लागली. त्यानंतर दोन आठवड्यांनी आमच्या ओळखीतल्या मंडळींची 50 मैलांची शर्यत होती, एका सार्वजनिक उद्यानात. नाव सांगत नाही, पळणारे ओळखतील. हा मित्र आयोजकांपैकी एक. तो नाशिकचा, मी फलटणकडचा. इथे गणपतीच्या कार्यक्रमात ओळख झाली आणि पुढे दर रविवारी पहाटे एकत्र पळायला लागलो. त्याच्या पहिल्या 100 मैलांना शेवटच्या 38 मैलांचा पेसर, म्हणजे सोबत पळणारा, मी होतो, हेही इथे लिहून ठेवतो.

शर्यतीच्या दोन दिवस आधी उद्यानाकडून मेल आला होता: वाटा फार ओल्या आहेत, तारीख पुढे ढकलता येईल का? परवाना रद्द केला नव्हता, विचारलं होतं. "विचारलंय म्हणजे नाही म्हणायची सोय आहे," असं म्हणून याने "नाही" असं कळवून टाकलं. टी-शर्ट छापून झाले होते, केळी आली होती, लोक विमानाने निघाले होते. आयोजकाची अडचण मला कळते. पण हे लक्षात असू द्या, कारण पुढे "आम्हाला कुणी सांगितलंच नाही" असं ऐकायला मिळालं.

मला स्वीपचं काम दिलं होतं. सगळ्यांच्या मागे राहायचं, शेवटच्या गड्याला घेऊन यायचं आणि येताना मार्ग दाखवायला बांधलेल्या फिती काढायच्या. 280 जण माझ्या पुढे गेलेले. बाराव्या मैलाला एक आडवी वाट आहे, टेकडीच्या कुशीतून जाणारी, जेमतेम दोन फूट रुंद. ओकची झाडं, खाली ओढा. त्या वाटेवर मी शेकडो वेळा पळालो असेन. त्या दिवशी ती मला ओळखू आली नाही. पहिले पन्नास मधून गेले असणार, त्यांनी राडा केला. मागचे बूट वाचवायला कडेने गेले. त्यांच्या मागचे त्या कडेच्याही कडेने, गवतातून. मी हातातली काठी आडवी टाकून मोजलं, दोन काठ्या पुरल्या नाहीत. म्हणजे आठ फुटांच्या वर. उताराच्या बाजूची कड तर ढासळून ओढ्याकडे निघाली होती. त्या राड्यात एक बूट रुतलेला मिळाला, डाव्या पायाचा. त्याचा मालक पुढे कसा गेला, देव जाणे.

इथली माती आमच्या काळ्या रानासारखीच. भिजली की बुटाला पायलीभर चिकटते आणि सुकली की दगड. मी लहानपणी पावसानंतर रानात घुसलो की आबा बांधावरून ओरडायचे, "वाफसा आलाय का? मग पाय कशाला घातलास?" वाफसा म्हणजे ओल निथळून रान पाय घालण्याजोगं होणं. ओल्या रानात बैल घातले तर जी ढेकळं उठतात ती हंगामभर फुटत नाहीत, हे आमच्याकडे शाळेत न गेलेल्यालाही ठाऊक असतं. आणि इथे मी, दोन डिग्र्या घेतलेला, गळ्यात शिट्टी अडकवून 280 लोकांच्या मागे वाफसा नसलेल्या रानातून फिती गोळा करत चाललो होतो. मला आबांची आठवण आली आणि लाज वाटली. शेवटचा गडी, साठीचा एक मेक्सिकन गृहस्थ, मला म्हणाला, "फोटो काय काढतोयस, इतकी का सुंदर आहे?" मी चौदा फोटो काढले.

आता त्या फोटोंचं. मी महिन्यातून एकदा त्याच उद्यानात वाटा दुरुस्त करायला जातो, तेव्हाही जायचो. पुढच्या कामाच्या दिवशी रेंजर बाईंनी विचारलं, त्या पट्ट्यात नक्की काय झालं? मी फोन काढून दाखवले. तक्रार केली नाही, अर्ज लिहिला नाही. विचारलं, दाखवलं. पुढच्या वर्षीपासून नियम आला: नोव्हेंबर ते एप्रिल कच्च्या वाटांवर पन्नासपेक्षा मोठा कार्यक्रम नाही. शर्यत वणव्याच्या गाड्यांसाठी केलेल्या रुंद रस्त्यांवर हलवली, तिथे कुणाला मजा येईना, दोन वर्षांत बंद पडली. त्यासाठी मी गद्दार.

तर गुरांचं उत्तर. गुरं नुकसान करतातच, खुरांनी ओढ्याकाठचा चिखल कसा होतो तो मी लहानपणापासून पाहिलाय. पण इथे त्यांना गवत कमी ठेवायला सोडतात, म्हणजे उन्हाळ्यात वणव्याला जळण कमी मिळावं. त्यांचं तिथे काहीतरी काम असतं. आपलं काय काम असतं? मेडल. शिवाय कुठलीही गाय नोव्हेंबरपासून घोकत बसत नाही की माझी तारीख ठरलीय, आता काही झालं तरी याच शनिवारी सकाळी सहाला मी जाणार.

आठ फुटांच्या राड्याने काय होतं, हे हातात फावडं न धरलेल्याला समजत नाही. चांगली वाट खालच्या बाजूला किंचित कलती ठेवलेली असते, पाणी आडवं ओलांडून निघून जावं म्हणून. पावलांनी मध्ये पन्हळ पडली की पाणी आडवं जायचं सोडून वाटेवरूनच धावतं आणि पुढच्या पावसात तिथे घळ होते. तेवढा एक पट्टा सरळ करायला आम्हा अकरा जणांना चार शनिवार लागले. मॅक्लाउड नावाचं एक अवजार असतं, एका बाजूला दाताळं आणि दुसऱ्या बाजूला रुंद पातं. ते चार शनिवार चालवून बघा, मग आपण सार्वजनिक जमिनीवर बोलू. त्या चार शनिवारी आयोजकांपैकी किती आले? एक. आणि तो माझा मित्र नव्हता.

"आमच्या कराची जमीन" हा मुद्दा मला कधीच पटला नाही. गायरान गावाचं असतं, म्हणून कुणी तिथे मांडव घालून आठवडाभर लग्न लावत नाही. इथेच टिल्डन उद्यानात साउथ पार्क ड्राइव्ह म्हणून रस्ता आहे. दरवर्षी 1 नोव्हेंबर ते 31 मार्च तो गाड्यांना बंद असतो. कारण? न्यूट. पालीएवढा, नारिंगी पोटाचा, बेडकाच्या गणगोतातला प्राणी. पावसाळ्यात तो पिलावळीसाठी पाण्याकडे निघतो आणि रस्ता ओलांडताना चिरडला जातो. गाडीवाले पाच महिने वळसा घालून जातात. पायी आणि सायकलने जाणाऱ्यांना रस्ता उघडाच असतो, कारण आक्षेप चाकांच्या वजनाला आहे, माणसाला नाही.

बंधनांनी शर्यत मरते म्हणणाऱ्यांनी वेस्टर्न स्टेट्सकडे बघावं. 100 मैल, ऑलिम्पिक व्हॅली ते ऑबर्न, जूनअखेर. तिथे 369 जण सुटतात. हा असला आडमुठा आकडा कुणा पळणाऱ्याने ठरवलेला नाही. 1984 मध्ये ग्रॅनाइट चीफचा डोंगराळ भाग विल्डरनेस, म्हणजे माणसाचा हात न लागलेलं रान, म्हणून राखीव झाला आणि विल्डरनेसमध्ये वनखातं स्पर्धा भरवू देत नाही. ही शर्यत आधीपासून तिथून जात होती म्हणून तिला सूट मिळाली, पण आकड्याच्या दाव्याला बांधून. त्याने शर्यत मेली का? आज हजारो लोक लॉटरीत नाव घालतात आणि नंबर लागला की घरी पेढे वाटतात. कोलोरॅडोतली हार्डरॉक तर दीडशेच्या आतच ठेवावी लागते. टेनेसीच्या फ्रोझन हेड उद्यानातल्या बार्कलेला चाळीसेक लोक सुटतात आणि जग तिच्यावर लिहितं. तिथे तुम्हाला कधी कुणी "उद्यानाने आमचा खेळ मारला" म्हणताना दिसलंय?

उलट बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल हा एकच तबला वाजवतोय. कॅलिफोर्नियातल्याच डेथ व्हॅली या वाळवंटी राष्ट्रीय उद्यानात उद्यानवाल्यांनी सुरक्षेची तपासणी करायची म्हणून शर्यतींचे परवाने थांबवले आणि 2014 ची बॅडवॉटर ही अल्ट्रा शर्यत उद्यानाबाहेरच्या मार्गाने न्यावी लागली. तिथे मातीचा प्रश्नच नव्हता, डांबरी रस्ता. प्रश्न जुलैतल्या उन्हाचा आणि रस्त्यावरच्या गाड्यांचा. 2015 मध्ये शर्यत मूळ मार्गावर परत आली, फक्त सकाळऐवजी रात्री सुटायला लागली. म्हणजे वर्षभर सगळ्यांना टांगून ठेवून शेवटी घड्याळाचे काटे फिरवले. हे आधीच बसून बोलता आलं असतं.

आमच्या त्या उद्यानाचा नियमही मला पूर्ण पटलेला नाही, हे मित्राला आजवर सांगितलेलं नाही. कॅलिफोर्नियात कोरडा जानेवारीही येतो, तेव्हा तीच वाट खडखडीत असते आणि पाचशे पळाले तरी धूळ उडण्यापलीकडे काही होत नाही. कॅलेंडरला वाफसा कळत नाही. आणि पन्नासचा आकडा कुठून आला, हे विचारलं तर कुणाला सांगता येत नाही. खरं तर परवान्यातच लिहायला हवं: आठवडाआधी रेंजरने वाट चालून बघायची, ओली असेल तर ठरलेल्या दुसऱ्या तारखेला शर्यत. आणि प्रवेश फीमधून डोकी मोजून दुरुस्तीचा पैसा आधी भरायचा. बाकी परवाना न घेता व्हॉट्सॲपवर ठरवून साठ-साठ जण ओल्या वाटेवर पळतात त्यांना कुणी अडवत नाही, हेही खरं. शर्यतीला पत्ता असतो, म्हणून ती सापडते.

आपल्याकडे असे नियम यावेत का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. राष्ट्रीय उद्यानाचं सोडा, तिथे 1972 चा वन्यजीव कायदा आहे आणि बोरिवलीत बिबटे आहेत. मला काळजी सड्यांची, म्हणजे कातळाच्या पठारांची वाटते. साताऱ्याची हिल मॅरेथॉन यवतेश्वरच्या घाटात डांबरावर होते, ठीक आहे. पण कासच्या बाजूच्या सड्यावर जांभ्यावर माती बोटभर, आणि त्या बोटभरातच सगळी फुलं. तिथे फुलांच्या हंगामात बघायला येणाऱ्यांचाही आकडा ठरवावा लागतो. भर पावसात असल्या सड्यावर कुणी "ट्रेल अल्ट्रा" काढली तर मी इथून तिकीट काढून आडवा पडायला येईन.

आणि तो मित्र. आम्ही सहा वर्षं बोललो नाही. 2022 च्या डिसेंबरात वेस्टर्न स्टेट्सच्या लॉटरीत त्याचं नाव निघालं, आठव्या की नवव्या वर्षी. त्या शर्यतीची एक अट आहे: पळणाऱ्याने आधी आठ तास सेवा करायची, वाटांवर नाहीतर दुसऱ्या शर्यतीत, आणि तसं लिहून आणायचं. एप्रिलात एका शनिवारी सकाळी तो आमच्या कामाच्या ठिकाणी हजर. शिबंदी माझ्याकडे असते हे त्याला माहीत होतं की नव्हतं, कोण जाणे. मी त्याला मॅक्लाउड दिलं आणि बाराव्या मैलाच्या त्याच पट्ट्यावर पाठवलं. हो, मुद्दाम. दिवसभर एक शब्द नाही. काम मात्र त्याने चोख केलं, चर असा काढला की रेंजर बाई थांबून बघत होत्या. शेवटी कागद पुढे केला, मी आठ तास लिहिले आणि सही केली. तो "थँक्स" म्हणाला आणि गेला.

झाले होते साडेसात. वाचत असशील तर, अर्धा तास बाकी आहे तुझा.