पैशाअडक्याचे प्रश्न : पर्समधलं कार्ड दुसरीचंच निघालं

प्रश्न : ताई, माझं वय 67. साताऱ्यात राहते. प्राथमिक शाळेत 34 वर्षं नोकरी झाली, आता पेन्शनवर घर चालतं. तीन आठवड्यांपूर्वी शुक्रवारी दुपारी राजवाड्याजवळच्या एटीएममध्ये गेले. मशीन कार्ड घेईना. मागचा मुलगा म्हणाला, "काकू, चिप या बाजूला ठेवा." त्यानंच कार्ड घालून दिलं, मी पिन दाबला, पैसे काही आले नाहीत. त्यानं कार्ड परत दिलं आणि मी मोती चौकात खरेदीला गेले. संध्याकाळी सातला मोबाइल पाहिला. 12:34 आणि 12:36 ला दहा-दहा हजार काढलेले, 2:15 ला कराडच्या एका सराफाकडे 38,000. पर्समधलं कार्ड काढलं, तर रंग तोच, बँक तीच, नाव मात्र दुसऱ्याच बाईचं! 7:10 ला बँकेच्या नंबरवर फोन करून तक्रार क्रमांक घेतला. तरीही 7:26 ला आणखी 6,200 गेले. सोमवारी शाखेत साहेब म्हणाले, "पिन तुम्हीच दाबलात, आम्ही काय करणार?" मुलाला अजून सांगितलेलं नाही. चूक माझीच का? आणि ते दुसरं कार्ड कात्रीनं कापून टाकू का?

उत्तर : बाई, आधी कार्डाचं. कापू नका. हीच गोष्ट मी तुम्हाला पत्र हातात पडताच फोन करून सांगितली, इथे बाकीच्यांसाठी पुन्हा लिहिते. ज्या बाईचं ते कार्ड, तीही तुमच्यासारखीच फसलेली असणार. तिच्या पर्समध्ये आणखी तिसऱ्याच कुणाचं कार्ड असेल आणि तिला कदाचित अजून पत्ताच नसेल. ते पाकिटात घालून वर तारीख लिहा, पोलिसांकडे द्या, दिल्याची पोच घ्या. कार्डाच्या नंबरावरून बँक तिचं खातं शोधू शकते.

बँकेच्या शाखेत नोकरीला असताना मी एका आजोबांच्या बाबतीत घडलेल्या अशा प्रकाराचं एटीएमच्या कॅमेऱ्यातलं चित्रण पाहिलंय. पोराच्या तळहातात त्याच बँकेचं दुसरं कार्ड आधीच असतं. आजोबा मशीनच्या पडद्याकडे बघत असतात, पोरगा त्यांच्या बोटांकडे. आजोबा पिन दाबतात, तो "रद्द करा" म्हणतो, कार्ड ओढून घेतो आणि हात खाली नेऊन वर आणेपर्यंत अदलाबदल झालेली असते. मला ते चित्रण तीनदा मागे घ्यावं लागलं, तेव्हा कुठे दिसलं. मुलांच्या वह्या तपासून तयार झालेली तुमची नजर, पण ती त्या वेळी मशीनवर होती. त्यात लाजण्यासारखं काय आहे?

आता साहेबांच्या बोलण्याविषयी. पिन मशीनवर दाबण्यासाठीच असतो. तो फोनवर कुणाला सांगणं वेगळं आणि मागच्यानं चोरून बघणं वेगळं. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात स्पष्ट लिहिलंय, की ग्राहकाची जबाबदारी आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे. दोष ना बँकेचा ना ग्राहकाचा, आणि व्यवहाराचा मेसेज आल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळवलं, तर ग्राहकाला एक रुपयाचीही झळ नाही. चार ते सात दिवस लागले तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त 10,000 सोसावे लागतात. त्यापुढे ज्या त्या बँकेचं धोरण. तुम्ही तर त्याच दिवशी कळवलंत.

खोटी आशा मात्र दाखवणार नाही. अनोळखी माणसाच्या हाती कार्ड दिलं, हा निष्काळजीपणा, असं बँक म्हणेल. ते टिकलं तर कळवण्याआधीचं नुकसान तुमच्यावर येतं. म्हणजे पहिले 58,000 भांडून मिळवायचे आहेत. पण 7:26 चे 6,200? ते निष्काळजीपणा धरला तरी बँकेनंच सोसायचे. तक्रारीनंतर जे जातं ते बँकेचं, हे त्याच परिपत्रकात आहे. 7:10 चा तो तक्रार क्रमांक जपून ठेवा, सगळी मदार त्याच्यावर आहे.

हे इतकं कळकळीनं लिहितेय, त्याला कारण आहे. कोरेगाव तालुक्यातले एक काका आमच्याकडे पासबुक भरायला आले होते. ऊसबिल जमा झालं का बघायचं होतं. छापून आलेलं पान हातात धरून ते बराच वेळ बोललेच नाहीत. पैसे अकरा दिवसांपूर्वी गेले होते आणि त्यांना मेसेजवरून ते पहिल्याच दिवशी कळलं होतं. पोरगा ओरडेल म्हणून गप्प बसले, बिलाच्या रकमेत भरून निघेल म्हणाले. सात दिवस उलटून गेले होते, त्यांच्या बाजूनं लिहायला माझ्या हातात फारसं काही उरलं नव्हतं.

तेव्हा बाई, शाखेत तोंडी बोलणं बंद. एका पानाचा अर्ज लिहा. चारही व्यवहार वेळेसकट, तक्रार क्रमांक, आणि राजवाड्याजवळच्या मशीनचं 12:20 ते 12:40 चं चित्रण जपून ठेवण्याची मागणी. हे आजच, कारण चित्रण कायमचं साठवलेलं नसतं. कळवल्यापासून कामाच्या दहा दिवसांत वादातली रक्कम खात्यात तात्पुरती जमा करायची असते, ती का केली नाही तेही लेखी विचारा. निकाल 90 दिवसांत लागायला हवा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, तक्रार करा. त्याला फी नाही, वकील लागत नाही.

पोलिसांत दिलेली तक्रारही अर्जाला जोडा. 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर त्याच संध्याकाळी फोन व्हायला हवा होता, तरी आता करा. सराफाकडे बिल असेल, कॅमेरा असेल, पण तिथे एकट्या जाऊन वाद घालू नका, पोलिसांनाच चौकशी करू द्या.

आणि मुलाला आज रात्री जेवताना सांगा. पोलीस ठाण्यात बसावं लागतं, अर्जाच्या दोन प्रती काढाव्या लागतात, उद्या सोबत कुणीतरी हवं.