आधी एक तलाव नीट ओळख

पर्यावरण अभियांत्रिकी झाल्यावर पाण्याच्या गुणवत्तेवर संशोधन करायचं ठरवलंस, फार बरं वाटलं. ठाण्यात राहतोस, म्हणजे विषय दाराशीच आहे. मासुंदा किंवा उपवन, एकच तलाव निवड. वर्षभर दर पंधरवड्याला, ठरलेल्या वेळी, त्याच जागेवरून नमुना घे.

वेळेचा एवढा आग्रह का? शेवाळ दिवसा उजेडात ऑक्सिजन सोडतं, रात्री मात्र सगळेच जीव तो वापरतात. त्यामुळे पहाटेचा आणि दुपारचा विरघळलेला ऑक्सिजन यांत मोठी तफावत पडते. एकदा सकाळी, एकदा दुपारी गेलास तर आकड्यांची तुलनाच होत नाही. खाडीवर जाशील तेव्हा भरती-ओहोटीची वेळही लिहून ठेव.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:

- तापमान आणि पीएच प्रयोगशाळेत नेऊन मोजणं. ते काठावरच मोजायचं.
- ऑक्सिजन मोजायच्या नमुन्याच्या बाटलीत बुडबुडा राहू देणं.
- बीओडीचे (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात, त्याचे) आकडे चाचणीच्या अटी न बघता ताडून पाहणं. आपल्याकडे चाचणी २७ अंशांवर ३ दिवस, परदेशी निबंधांत बहुधा २० अंशांवर ५ दिवस.

जड धातू, मॉडेलिंग, पीएचडीचा विषय हे सगळं नंतर. पहिल्या चार नमुन्यांची वही घेऊन ये, बसून बघू.