सेकंड-हँड कार्तिए ऑनलाइन घेताना: सोन्याची परीक्षा वेगळी, नावाची वेगळी

तुझा प्रश्न वाचला. (सरळ ‘तू’ म्हणते आहे, वयाने बरीच मोठी आहे, चालवून घे.) मागून येणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते: तू लंडनच्या हॅरो भागात राहतेस. लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला कार्तिए या फ्रेंच दागिने-कंपनीचं पिवळ्या सोन्याचं ‘लव्ह’ कडं घ्यायचं मनात आहे, पण शोरूमचा भाव परवडत नाही. एका ॲपवर १७ साइजचं कडं पेटी आणि सर्टिफिकेटसकट बऱ्याच कमी पैशात दिसलं, विकणारी बाई खासगी आहे. तुझा बेत असा की ते घ्यायचं, वेम्ब्लीला ईलिंग रोडवरच्या सराफाकडे नेऊन टंच काढायचा, आणि सोनं अठरा कॅरेट निघालं की निर्धास्त व्हायचं. शिवाय पुण्याच्या नणंदेला टिफनी या अमेरिकन कंपनीची चांदीची चेन हवी आहे.

बेतातला शेवटचा भागच कच्चा आहे. टंच ७५० (म्हणजे अठरा कॅरेट) निघेल आणि तरीही कडं खोटं असेल. हल्लीच्या चांगल्या नकला पितळेवर पाणी चढवून करत नाहीत, अस्सल अठरा कॅरेट सोन्यात करतात, आत नाव, नंबर सगळं कोरून. सराफ खोटं बोलणार नाही, सोनं खरंच खरं असेल. पण तू पैसे सोन्याचे देतच नाही आहेस, निदान फक्त सोन्याचे तरी नाही.

आपण वजन, टंच, घडणावळ, तूट या हिशोबात वाढलेली माणसं. मोडीला गेलो की घडणावळ बुडाली हे आपण गृहीतच धरतो. या बाजारात नेमकं उलटं आहे, इथे विकली जाते ती घडणावळच. हे कडं अल्डो चिपुल्लो या डिझायनरने १९६९ साली न्यूयॉर्कमध्ये केलं. दोन अर्धगोल तुकडे, दोन पेच आणि सोबत छोटा स्क्रूड्रायव्हर, म्हणजे दुसऱ्याने हातात घालून पेच आवळून द्यायचं. खिळ्याच्या आकाराचं ‘जुस्त अँ क्लू’ही त्याचंच, १९७१चं. दोन्हींचा आकार इतका साधा की कुठलाही बरा कारागीर बसल्या जागी उतरवेल. म्हणून या दोघांच्या नकला उदंड. नाव सिद्ध झालं तर जुन्या कड्यालाही सोन्याच्या कितीतरी वर भाव मिळतो, नाही झालं तर तुझ्या हातात उरतं तीसेक ग्रॅम अठरा कॅरेट, मोडीच्या दराने. या दोन भावांमधलं अंतर हाच तुझा धोका, आणि तो कुठल्याही सराफाच्या मशीनवर दिसत नाही.

तर आधी नाव. विकणारीकडून कड्याच्या आतल्या बाजूचे जवळून काढलेले फोटो माग, दिवसाच्या उजेडातले, फिल्टर न लावलेले. आत कार्तिएची सही, ७५०, साइज आणि सिरियल नंबर असायला हवा. नुसतं ‘आहे’ म्हणून समाधान मानू नकोस, अक्षरांच्या कडा बघ. अस्सल कोरीव काम सगळीकडे सारख्या खोलीचं आणि कडा स्वच्छ असलेलं असतं. नकलेत अक्षरं कुठे उथळ, कुठे खोल, कधी जाड, ओळ किंचित तिरकी. मात्र जुनं कडं पॉलिश होऊन होऊन झिजलेलं असेल तर खरी अक्षरंही पुसट दिसतात. म्हणून अक्षरं पुसट आणि बाहेरचा पृष्ठभाग कोरा करकरीत असं दिसलं तर कधी, कुठे पॉलिश केलं ते विचार. जास्त घासलेल्या कड्याच्या कडा गोलसर होतात, पेचांच्या खाचा उथळ होतात, वजनही उतरतं.

पेच उघडून दाखवणारा व्हिडिओ माग. जुन्या घडणीत पेच पूर्ण बाहेर निघून हातात येतो (आणि हरवतो), नव्या घडणीत तो कड्यातच अडकून राहतो. दोन्ही खरे. बघायचं एवढंच, की विक्रेतीने सांगितलेलं खरेदीचं साल आणि पेचाची तऱ्हा जुळते का. रुंदीही विचारून घे. नेहमीचं कडं साधारण सहा मिलीमीटर रुंद असतं. २०१७ मध्ये त्याचं एक अरुंद रूप आलं, साडेतीन मिलीमीटरच्या जरा वर, आणि त्याची किंमत बरीच कमी असते. जाहिरातीत नुसतं ‘लव्ह’ लिहून अरुंद कडं रुंद कड्याच्या भावात खपवायचा उद्योग मी खूप पाहिला आहे, आणि त्यात खोटं काही नसल्यामुळे तक्रारही करता येत नाही.

तू ब्रिटनमध्ये आहेस म्हणून एक फार कामाची गोष्ट. इथल्या १९७३च्या हॉलमार्किंग कायद्याप्रमाणे एक ग्रॅमच्या वरची वस्तू ‘सोनं’ म्हणून धंद्यात विकायची तर तिच्यावर हॉलमार्क लागतो. तेव्हा ‘बाँड स्ट्रीटवरच्या बुटीकमधून नवं घेतलं होतं’ असं ती बाई म्हणत असेल, तर कड्यावर ब्रिटिश ‘अ‍ॅसे ऑफिस’चा, म्हणजे टंच तपासणाऱ्या अधिकृत संस्थेचा, ठसा हवा (लंडनचा बिबट्याचं तोंड, बर्मिंगहॅमचा जहाजाचा नांगर, एडिंबराचा किल्ला, शेफील्डचा गुलाब) किंवा निदान इथे मान्य असलेला तराजूचा आंतरराष्ट्रीय ठसा. दुबईत किंवा न्यूयॉर्कला घेतलेल्यावर तो नसेल, आणि त्यात वावगं काही नाही. फ्रान्समध्ये विकलेल्या अठरा कॅरेटवर गरुडाचं डोकं आणि शेजारी पत्त्यांतल्या चौकटच्या आकारात कारखानदाराचा ठसा असतो. हे ठसे इतके बारीक की साध्या डोळ्यांना ओरखडा वाटतात. दहापट मोठं दाखवणारं भिंग घे, स्वस्तात मिळतं. बघ, ठसा एकट्याने काही सिद्ध करत नाही, तोही कोरता येतोच. पण गोष्ट आणि ठसा जुळले नाहीत, की पुढचे प्रश्न आपोआप सुचतात. खोटेपणा बहुधा असा न जुळण्यातच सापडतो.

पेटी आणि सर्टिफिकेटवर भुलू नकोस. रिकाम्या लाल पेट्या, पिशव्या, कोरी सर्टिफिकेटं सगळं ऑनलाइन सुटं विकत मिळतं. सिरियल नंबर मात्र सर्चमध्ये टाकून बघ. तोच नंबर आणखी दोन-चार जाहिरातींत दिसला तर विषय तिथेच संपला, कारण नकला करणारे एकच खरा नंबर उचलून शेकड्याने कोरतात. फोटोही इमेज सर्चमध्ये टाक. आणि जाहिरातीत नंबरवर बोट ठेवून फोटो काढलेला असेल तर लगेच संशय घेऊ नकोस, शहाणे विक्रेते तो मुद्दाम झाकतात. खासगीत मागितल्यावरही द्यायला तयार नसेल तर मग बघ.

आता सोनं. सराफाकडचं एक्स-रे मशीन चांगलंच असतं, पण ते वरचा अगदी पातळ थर वाचतं. जाड मुलामा असेल तर त्याचाच आकडा देतं. त्यापेक्षा कडं भरीव आणि बिनखड्याचं असल्यामुळे घरीच एक खात्रीची परीक्षा होते. शंभरांश ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा हवा. आधी कडं नुसतं तोल. समज, ३२ ग्रॅम भरलं. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्यावर आण, कडं दोऱ्याला बांधून पूर्ण बुडेल असं धर, तळाला किंवा बाजूला टेकता कामा नये, बुडबुडा चिकटला असेल तर हलवून काढ. काटा २.०७ च्या आसपास दाखवेल. ३२ भागिले २.०७ म्हणजे साधारण साडेपंधरा, ही अठरा कॅरेट पिवळ्या सोन्याची घनता. आत पितळ असतं तर काटा पावणेचारच्या घरात गेला असता, चांदी असती तर तीनच्या वर. खडे बसवलेल्या किंवा शिंपला-गोमेद जडवलेल्या दागिन्याला हा हिशोब लागू नाही.

खड्यांवरून आठवलं. हिऱ्यांचं ‘लव्ह’ साध्यापेक्षा खूप महाग, म्हणून लोक साधं अस्सल कडं घेऊन बाहेरच्या कारागिराकडून हिरे बसवून घेतात. सोनं खरं, नाव खरं, हिरेही खरे, आणि तरी त्याची किंमत साध्या कड्यापेक्षाही खाली येते, कारण कंपनीच्या लेखी ती बिघडवलेली वस्तू असते आणि दुरुस्तीला घ्यायला ती नकार देऊ शकते. व्हॅन क्लीफ अँड आर्पेल्स या फ्रेंच कंपनीच्या, चार पाकळ्यांच्या फुलांच्या ‘अल्हाम्ब्रा’ दागिन्यांचंही (१९६८) तसंच. वीस फुलांचा लांब हार तोडून त्याची पाच-पाचची ब्रेसलेटं करतात. फुलं अस्सल, ब्रेसलेट बनावट! तिथे फासा आणि त्याच्याजवळचे ठसे नीट तपासायचे. अल्हाम्ब्रात हिरवं मॅलाकाइट जुनं घ्यायच्या भानगडीत मी पडत नाही, फार मऊ दगड आहे, अत्तर आणि घामाने त्याची चमक जाते आणि नंतर फूल बदलून घ्यायचा खर्च डोळे पांढरे करतो.

आता पैसे कसे द्यायचे. माझ्या मते इथेच निम्मा निकाल लागतो. तुझी विक्रेती खासगी आहे. म्हणजे ऑनलाइन खरेदी चौदा दिवसांत कारण न देता रद्द करायचा जो हक्क आहे, तो तुला नाही, तो फक्त व्यापाऱ्याकडून घेतलं तर मिळतो. खासगी माणसाने वस्तू सांगितली तशीच द्यायला हवी, एवढं कायदा म्हणतो, पण ते शाबित करायची कटकट तुझ्या गळ्यात. क्रेडिट कार्डने थेट व्यापाऱ्याला पैसे दिले आणि वस्तू १०० पौंडांच्या वर, ३०,००० पर्यंत असली, तर १९७४च्या ग्राहक कर्ज कायद्याच्या ७५व्या कलमाखाली बँकही जबाबदार धरता येते. मध्ये ॲप किंवा पेमेंट कंपनी आली की हे संरक्षण बरेचदा तुटतं. ‘फ्रेंड्स अँड फॅमिली’ने (मित्र-नातेवाइकांना पैसे पाठवायचा पर्याय, त्यात खरेदीदाराला संरक्षण नसतं) पैसे पाठव, फी वाचेल, असं कुणी म्हणालं तर संभाषण तिथेच बंद कर.

चोरीच्या मालाचाही विचार कर. पूर्वी इंग्लंडमध्ये भर बाजारात उजेडी घेतलेल्या वस्तूवर मालकी टिकायची, ती तरतूद १९९५ पासून गेली. आता चोरीचं कडं तू कितीही भोळेपणाने घेतलंस तरी ते मूळ मालकाचंच. लंडनच्या आर्ट लॉस रजिस्टरकडे दागिन्यांचीही नोंद असते, शुल्क भरून तपासता येते. मूळ पावती मागायची ती याच्यासाठी, खरेपणाच्या पुराव्यासाठी नव्हे.

पार्सलने मागवणार असशील तर विमा बघ. रॉयल मेलच्या स्पेशल डिलिव्हरीची जास्तीत जास्त भरपाई २५०० पौंड आहे, म्हणजे तुझ्या कड्याला ती अपुरी. हाताने घेणं उत्तम, तेही दुकानात किंवा बँकेत भेटून. परदेशातून मागवलंस तर वीस टक्के व्हॅट आणि वर ड्यूटी, मग ‘स्वस्त’ कुठे राहिलं?

नणंदेच्या चेनबद्दल. चांदी स्वस्त म्हणून तिथे नकला कमी असतील हा गैरसमज काढून टाक, तिथेच जास्त असतात. टिफनीने २००४ मध्ये ईबेवर न्यूयॉर्कमध्ये खटला भरला, त्याआधी कंपनीने स्वतःच ईबेवरून टिफनीच्या नावाचे चांदीचे दागिने विकत घेऊन तपासले होते. शेकडा ७३ च्या आसपास खोटे निघाले. त्या पाहणीच्या पद्धतीत दोष असल्याचं कोर्टाने म्हटलं, आणि २००८ ला निकालही ईबेच्या बाजूने लागला, २०१० ला अपिलात मुख्य मुद्द्यांवर कायम झाला. म्हणजे खोटं हुडकायची जबाबदारी मुख्यतः ब्रँडची ठरली, आणि आपण ग्राहक आपापल्या भिंगासकट उरलो. ‘रिटर्न टू टिफनी’ या डिझाइनची चेन असेल तर कड्या बघ. अस्सल चेनमध्ये कडीचं तोंड झाळून असं बंद केलेलं असतं की सांधा शोधावा लागतो. नकलेत कडी नुसती वाकवून मिटवलेली, नख घातलं तर फट लागते. एल्सा पेरेट्टीच्या डिझाइनवर (ती १९७४ पासून टिफनीत होती) तिचं नावही कोरलेलं असतं.

आणि पुण्याला पाठवण्याआधी नणंदेला आणि सासूबाईंना कल्पना दे: अशा परदेशी दागिन्यावर बीआयएसचा एचयूआयडी (भारतातल्या हॉलमार्कचा, प्रत्येक नगाचा वेगळा नंबर) नसतो, आणि उद्या लक्ष्मी रोडला मोडीला नेलीत तर तिथे फक्त वजन आणि टंच बघतील. कार्तिए असो की आणखी कुणी, नावाचा तिथे एक रुपया मिळणार नाही. त्यात सराफाची चूक नाही, तो सोन्याचा धंदा करतो. तुझी आई ‘एवढ्यात चार पाटल्या झाल्या असत्या’ म्हणते ते गुंतवणूक म्हणून बरोबरच आहे. हौस म्हणून घेत असशील तर गोष्ट वेगळी, आणि हौसेला माझी पूर्ण संमती.

या जाहिरातीपुरतं माझं मत: सोडून दे. किंमत फार खाली, विक्रेती खासगी, आणि तू लिहिलंस की आतल्या बाजूचा एकही फोटो नाही. हॅटन गार्डनमध्ये (लंडनचा सराफबाजार) किंवा ऑनलाइन, जुने ब्रँडेड दागिने विकणारा नोंदणीकृत व्यापारी शोध, जो बिलावर ‘कार्तिए, अस्सल’ असं लिहून देतो आणि परत घ्यायची मुदत देतो. पैसे जास्त जातील. घेतल्यावर त्या मुदतीतच कडं कार्तिएच्या बुटीकमध्ये पॉलिशसाठी दे. खरं-खोटं सांगणारा कागद ते काउंटरवर देत बसत नाहीत, पण कामाला घेण्याआधी आपली वस्तू आहे का हे तपासतातच. फक्त पॉलिश खरोखर करू द्यायच्या आधी अंदाजपत्रक आलं की ‘नको, तसंच परत द्या’ म्हण, उगाच सोनं झिजवू नकोस.

मनगट टेपने मोजून त्यात एक सेंटिमीटर मिळवलास ना? १७ म्हणजे आतला परीघ १७ सेंटिमीटर. तुझं मनगट साडेसोळा असेल तर १७ अडकून बसेल, १८ बघ.