उशिरा कळणाऱ्या चुका : वेल्डिंग शिकणाऱ्यास पत्र

चि. यास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. आयटीआयमध्ये वेल्डर ट्रेडला प्रवेश घेतलास हे वाचून फार आनंद झाला. सिक्स-जीची चाचणी देण्याइतका हात किती दिवसांत बसेल, असे तू विचारले आहेस. ४५ अंशांत कललेला आणि जागचा न फिरवता येणारा पाइप भोवताली स्वतः फिरून जोडायची ती चाचणी पुढे चांगल्या नोकऱ्यांचे दार उघडते, म्हणून तुझी ओढ मला समजते. परंतु त्याआधी तुझ्या पत्रातील दुसऱ्या एका वाक्याविषयी लिहिणे मला अधिक गरजेचे वाटते. टॅक (तुकडे जागी धरणारा छोटा टाका) मारताना हेल्मेट खाली न घेता नुसते डोळे मिटले तरी चालते, आजवर काही झाले नाही, असे तू लिहिले आहेस.

'काही झाले नाही' हे आपण काम संपताच ठरवतो. वेल्डिंगमध्ये मात्र बऱ्याच चुकांची फळे काम संपल्यावर काही तासांनी, काही दिवसांनी आणि काही बाबतींत तर वर्षांनी हाती येतात. म्हणून या धंद्यात लगेच मिळणाऱ्या अनुभवावर विसंबून शिकता येत नाही. त्रास दिसण्याआधीच नियम पाळावा लागतो, आणि तरुण वयात नेमके तेच अवघड जाते.

डोळ्यांपासून सुरुवात करतो. रॉड आणि लोखंड यांच्यामध्ये पेटणाऱ्या विजेच्या ज्योतीतून, म्हणजे आर्कमधून, डोळे दिपवणारा उजेड निघतो तसेच न दिसणारे अतिनील किरणही निघतात, आणि ते बुबुळावरचा पारदर्शक पडदा भाजतात. भाजल्याचे त्या क्षणी जाणवत नाही. साधारण सहा ते बारा तासांनी, म्हणजे बहुधा मध्यरात्री, डोळ्यांत वाळू भरल्यासारखे टोचू लागते, पाणी वाहते आणि दिव्याकडे पाहवत नाही. डोळे मिटण्याचा क्षण आणि आर्क पेटण्याचा क्षण दर वेळी जुळत नाही; शिवाय मिटलेल्या पापणीची कातडीही भाजतेच. असा त्रास झालाच तर डोळे चोळू नकोस. बटाट्याचा काप, गुलाबपाणी, दूध असे काहीही डोळ्यांत घालू नकोस, आणि डोळा बधिर करणारे थेंब कोणाकडून मागून घेऊन पुनःपुन्हा टाकू नकोस, कारण त्यांनी वेदना दबते पण जखम भरायला वेळ लागतो. स्वच्छ गार पाण्याची घडी पापण्यांवर ठेवून अंधारात पडून राहावे आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावे. बहुधा एक-दोन दिवसांत आराम पडतो, पण हीच इजा वारंवार होऊ देणे परवडणारे नाही.

३.१५ मिलिमीटरचा रॉड, म्हणजे वितळून जोडात भरणारी लेप दिलेली तार, साधारण ९० ते १३० अँपिअरवर चालतो, आणि त्यासाठी १० किंवा ११ क्रमांकाची काळी काच लागते. गॅस कटिंगचा चष्मा साधारण ५ क्रमांकाचा असतो. तो लावून आर्ककडे पाहणे म्हणजे उघड्या डोळ्यांनी पाहण्याच्या जवळ जाणे आहे. जिच्यावर क्रमांकच नाही अशी काच वापरू नकोस. काळ्या काचेच्या पुढे साधी पांढरी काच असते ती ठिणग्यांनी खराब झाली की बदलावी, आणि काळीला तडा गेला असेल तर त्या दिवशी दुसरी मिळेपर्यंत काम थांबवावे. हेल्मेटच्या आत साधा सुरक्षा-चष्मा कायम लावून ठेव. त्याची दोन कारणे आहेत. एक तर शेजारच्या बूथमधला आर्क बाजूने येतो. दुसरे असे की, हेल्मेट वर करून चिपिंग हॅमरने स्लॅग (जोडावर बसणारी लेपाची खपली) काढताना तापलेला कण उडतो, आणि शॉपमधील डोळ्यांच्या कितीतरी इजा वेल्डिंग करताना नव्हे तर अशा वेळी होतात.

उशिरा कळणारी दुसरी गोष्ट धुराची. जीआय (जस्ताचा थर दिलेल्या) पाइपचे गेट किंवा पत्र्याची शेड जोडताना जस्ताचा पांढरा धूर निघतो. तो दिवसभर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येते, तोंडाला धातूची चव येते, आणि दुसऱ्या दिवशी बरे वाटते. त्यामुळे माणूस तो साधा ताप समजून पुन्हा तेच काम करतो. दूध प्यायले की धूर बाधत नाही ही समजूत आपल्याकडे खोलवर रुजली आहे. दूध पोटात जाते आणि धूर फुप्फुसात जातो, एवढे ध्यानात घे. जोडाच्या दोन्ही बाजूंचा जस्ताचा थर आधी घासून काढणे, तोंड धुराच्या लोटात न नेता बाजूला ठेवणे, धूर ओढून घेणारी व्यवस्था असेल तर तिचे तोंड जोडाजवळ आणणे आणि योग्य मास्क लावणे, हे खरे उपाय आहेत. रुमाल बांधल्याने हा धूर अडत नाही. स्टेनलेस स्टीलच्या धुरात क्रोमियमचे कर्करोगकारक रूप असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर सरसकट पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा असलेल्या गोष्टींत घातला. तुला घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. वीस वर्षांनी काय होईल हे आज खोकला येत नाही यावरून ठरवू नये, एवढेच सांगायचे आहे.

हा उशीर जोडालाही लागू आहे, आणि कारागीर म्हणून तुला हे समजलेच पाहिजे. ई ७०१८ या रॉडच्या लेपात ओल शिरली तर आर्कमध्ये तिचा हायड्रोजन सुटतो आणि तापलेल्या धातूत मुरतो. वरून पाहिले तर रन, म्हणजे जोडाची एक ओळ, सुंदर दिसतो. जाड किंवा कडक पोलादात तोच हायड्रोजन जोड थंड झाल्यावर, कधी एक-दोन दिवसांनी, आतून तडा पाडतो; म्हणूनच महत्त्वाच्या जोडांची अंतिम तपासणी ४८ तास थांबून करण्याची पद्धत आहे. हा रॉड साधारण ३०० ते ३५० अंश सेल्सिअसला एक-दोन तास भाजून घ्यावा आणि लागेल तसा गरम कोठीतून काढावा. उत्पादकाने पाकिटावर दिलेले तापमान अंतिम मानावे. ई ६०१३ ला मात्र इतका ताव देऊ नये, त्याचा लेप बिघडतो. कोकणात किंवा कोल्हापूर भागात जुलै महिन्यात उघडे पाकीट फरशीवर पडलेले दिसले, तर ते उचलून कोरड्या जागी ठेवणे हेही वेल्डिंगचेच काम आहे.

काही चुका मात्र उशीर करत नाहीत, आणि त्यांना दुसरी संधी नसते. आर्क चालू असताना रॉड धरणाऱ्या होल्डरवर साधारण २० ते ३० व्होल्ट असतात, पण आर्क बंद असताना ते ६० ते ८० पर्यंत चढतात. कोरड्या हाताला हा दाब फारसा जाणवत नाही, त्यामुळे मुले उघड्या हाताने रॉड बदलतात. घामाने भिजलेला शर्ट, ओले बूट आणि चारही बाजूंनी लोखंड असलेली टाकी अशा ठिकाणी तोच दाब जीव घेऊ शकतो. रॉड बदलताना कोरडा चामड्याचा हातमोजा असलाच पाहिजे. होल्डर काखेत धरायचा नाही, आणि पायाखाली लाकडी फळी किंवा रबराची चटई घ्यायची. जॉबला लावायचा क्लँप जोडाच्या जवळ, घासलेल्या लोखंडावर घट्ट बसव. तो दूरच्या खांबाला किंवा यंत्राला लावला तर प्रवाह वाटेतल्या बेअरिंगमधून आणि साखळ्यांमधून जातो आणि त्यांची नासाडी करतो. हा क्लँप लावला म्हणून मशिनच्या बॉडीचे अर्थिंग झाले असे समजू नकोस. ते वेगळे असते आणि वेगळे तपासायचे असते.

गॅसच्या बाबतीत काळे सिलिंडर ऑक्सिजनचे आणि मरून रंगाचे ॲसिटिलिनचे. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला, व्हॉल्व्हला किंवा हातमोज्याला तेल-ग्रीस लागता कामा नये, कारण दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये ग्रीस ठिणगीवाचूनही पेट घेते. ऑक्सिजनने कपड्यांवरची धूळ उडवू नकोस. त्याने भिजलेले सुती कापड एका ठिणगीत भडकते. ॲसिटिलिन सिलिंडरमध्ये ॲसिटोनमध्ये विरघळवून भरलेले असते, म्हणून ते सिलिंडर उभेच ठेवावे, साखळीने बांधावे आणि वापराचा दाब चौरस सेंटिमीटरला एक किलोच्या वर नेऊ नये. किल्ली व्हॉल्व्हवरच राहू द्यावी, म्हणजे प्रसंगी झटकन बंद करता येते. फाटलेल्या नळीला तांब्याची नळी जोडून काम भागवणारे लोक भेटतील. ॲसिटिलिन आणि तांबे यांपासून स्फोटक संयुग तयार होते, म्हणून ते कधीही करू नकोस. गळती साबणाच्या पाण्याने शोधावी. दोन्ही नळ्यांना फ्लॅशबॅक अरेस्टर (ज्योत नळीत मागे शिरू न देणारी झडप) नसतील तर टॉर्च पेटवू नये.

आपल्या भागात पुढे तुला साखर कारखान्याचे काम मिळण्याचा संभव मोठा आहे. गाळप हंगाम संपला की दुरुस्तीसाठी वेल्डरांची मागणी वाढते, आणि तिथले धोके शाळेच्या बूथमध्ये दिसत नाहीत. मळीच्या टाकीत आंबवण होऊन कार्बन डायऑक्साइड साचतो आणि आत उतरलेला माणूस काही कळण्याआधी कोसळतो. त्याला काढायला घाईने उतरलेला दुसराही बळी पडतो. स्पिरिटची टाकी किंवा डिझेलचे बॅरल रिकामे दिसले तरी आतली वाफ स्फोटाला पुरेशी असते. आतली हवा मोजून लेखी परवाना मिळाल्याशिवाय आणि बाहेर एक माणूस उभा असल्याशिवाय आत जाऊ नये. गावातला कोणी जुने बॅरल कापून मागायला आला तर ओळखीखातर हो म्हणू नकोस. बगॅसचा, म्हणजे उसाच्या चिपाडाचा, बारीक भुसा तर ठिणगी पोटात घेऊन धुमसत राहतो आणि सगळे घरी गेल्यावर पेटतो. कटिंगच्या ठिणग्या दहा मीटरपर्यंत जातात, म्हणून तेवढा परिसर साफ करावा, पाणी मारावे आणि काम संपल्यावर निदान तासभर तिथे कोणी तरी थांबावे.

आता तुझा प्रश्न. सिक्स-जीचा हिशेब दिवसांत करता येत नाही. सपाट प्लेटवर सरळ रन, मग फिलेट (कोनातला जोड), मग आडवी, उभी आणि डोक्यावरची स्थिती, आणि हे सारे प्लेटवर जमल्यावर पाइप, असा क्रम आहे. आर्कची लांबी रॉडच्या तारेच्या जाडीइतकी ठेवायची, रॉड चालीच्या दिशेने ७० ते ८० अंशांत कलता धरायचा आणि वेग असा राखायचा की वितळलेला धातू स्लॅगच्या पुढे राहील. आवाज सलग चरचर येत असेल तर करंट आणि लांबी बहुधा जुळली आहेत. जोडाच्या कडेला खाच पडली तर करंट जास्त आहे किंवा आर्क लांब आहे. आत स्लॅग अडकला असेल तर आधीचा रन नीट घासला नव्हता. शिल्पनिदेशकांनी चांगले म्हटले तरी स्वतःचा जोड तोडून पाहायची सवय लाव, कारण मुळाशी धातू मिसळला आहे की नाही हे वरच्या देखण्या लाटांवरून समजत नाही.

पुढच्या पत्रासोबत एका बाजूने वेल्ड केलेल्या टी-जोडाच्या तुकड्याचा फोटो पाठव. तो हातोड्याने उलट वाकवून मोडलेला असावा आणि तुटलेली बाजू दिसावी. सोबत रॉडचा व्यास, करंट आणि तुझ्या हेल्मेटच्या काचेवरचा क्रमांक लिही. त्या काचेवर क्रमांक नसेल तर आधी ती बदल, आणि मग जोड मार.

तुझा हितचिंतक,
एक जुना वेल्डर