‘कंपाइल’ म्हणजे संकलन का? आणि बिल्ड, मेक, इन्स्टॉल यांचा घोळ

प्रश्न असा आहे : ओपन सोर्स प्रोग्रॅम ‘सोर्समधून (म्हणजे माणसाने लिहिलेल्या मूळ कोडमधून) कंपाइल करणे’ याला मराठीत ‘संकलन करणे’ म्हणावं का? आणि कंपाइल, बिल्ड, मेक, इन्स्टॉल हे शब्द सगळे एकमेकांच्या जागी वापरतात, ते चालतं का?

‘संकलन’ हा शब्द 1952 साली अगदी चपखल बसला असता. संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर यांनी युनिव्हॅक या संगणकासाठी ए-0 हा कंपाइलर तयार केला, तेव्हा त्याचं मुख्य काम होतं टेपवरच्या लायब्ररीतून हवे ते छोटे प्रोग्रॅम क्रमांकावरून शोधून काढायचे, एकत्र आणायचे आणि त्यांचे पत्ते नीट लावून द्यायचे. वेचून एकत्र करणं, म्हणजे शब्दशः संकलनच. पुढे 1957 मध्ये आयबीएम 704 या संगणकासाठी फोरट्रान या भाषेचा कंपाइलर आला आणि माणसाला वाचता येतील अशी सूत्रं यंत्राच्या भाषेत उतरवणं हे मुख्य काम झालं. नाव तेच राहिलं, काम मात्र भाषांतराचं झालं. वेचून जोडण्याचं काम आज लिंकर करतो. म्हणजे ‘संकलक’ हे नाव द्यायचंच असेल, तर ते लिंकरला जास्त शोभेल! माझं मत विचाराल तर ‘कंपाइल करणे’ तसंच ठेवावं. लिंक करण्याला ‘जोडणी’, बिल्डला ‘बांधणी’ आणि इन्स्टॉलला ‘बसवणे’ मात्र खुशाल म्हणावं. ‘विंडोज बसवून दिलं’ असं आपण बोलतोच.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त कामाचं आहे, कारण इथला सैलपणा महागात पडतो. ‘कंपाइल होत नाहीये’ एवढंच कोणी लिहिलं, तर नेमकं कुठे अडलंय ते कळत नाही.

टीमक्स हा प्रोग्रॅम घ्या (एका टर्मिनलमध्ये अनेक टर्मिनलं चालवणारा). टारबॉल (सोर्स फाइलींचं गाठोडं) सोडवला, फोल्डरमध्ये गेलात, की पहिली पायरी ‘./कॉन्फिगर’. इथे काहीच कंपाइल होत नसतं (चाचणीपुरते चार-दोन ओळींचे तुकडे सोडले तर). ही स्क्रिप्ट तुमच्या यंत्रात काय आहे आणि काय नाही ते तपासते आणि त्यावरून मेकफाइल, म्हणजे बांधणीच्या सूचनांची फाइल, लिहिते. ‘लिबइव्हेंट नॉट फाउंड’ (टीमक्सला लागणारी एक लायब्ररी) असा एरर आला, तर तो या पायरीचा. लिबइव्हेंट यंत्रावर असूनही तो येतो, कारण डेबियन आणि उबुंटूवर चालवायची लायब्ररी आणि तिच्या हेडर फाइली (लायब्ररीत काय काय आहे ते कंपाइलरला सांगणाऱ्या) वेगवेगळ्या पॅकेजांत असतात. बांधणीला ‘-डेव्ह’ शेपटीचं पॅकेज लागतं. फेडोरावर तीच शेपटी ‘-डेव्हेल’ होते. टीमक्सला लिबइव्हेंट आणि एनकर्सेस (टर्मिनलचा पडदा हाताळणारी लायब्ररी) या दोन्हींचं असं पॅकेज लागतं, शिवाय सी कंपाइलर, बायसन (व्याकरणावरून कोड बनवणारं साधन) आणि पीकेजी-कॉन्फिग (लायब्ररी कुठे आहे ते सांगणारं साधन). टारबॉलऐवजी गिटमधून कोड उतरवला असेल, तर कॉन्फिगर फाइलच नसते. आधी ‘ऑटोजेन’ स्क्रिप्ट चालवावी लागते, आणि तिला ऑटोकॉन्फ, ऑटोमेक हवेत.

कॉन्फिगर अर्ध्यात थांबला हे न पाहता पुढे ‘मेक’ दिलं, की ‘नो टार्गेट्स स्पेसिफाइड अँड नो मेकफाइल फाउंड’ असं उत्तर येतं. दोष मेकचा नसतो.

मेक हा स्वतः कंपाइलर नाही. स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 मध्ये बेल लॅब्जमध्ये तो लिहिला. कोणती फाइल कोणत्या फाइलीवरून बनते आणि कोणती जास्त ताजी, एवढं तो वेळेच्या शिक्क्यावरून पाहतो आणि लागेल तेवढीच कामं कंपाइलर-लिंकरला सांगतो. म्हणूनच कॉन्फिगरचे पर्याय बदलल्यावर ‘मेक क्लीन’ केलेलं बरं, नाहीतर जुन्या ऑब्जेक्ट फाइली (कंपाइल झालेले, पण अजून न जोडलेले तुकडे) तशाच राहण्याची शक्यता असते. ‘मेक -जे4’ ने चार कामं एकदम चालतात, पण एरर आला की चौघांचे संदेश एकमेकांत मिसळतात. अशा वेळी नुसतं ‘मेक’ देऊन पहिला एरर वाचा. शेवटचा बहुधा निरुपयोगी असतो.

आता कंपाइल आणि लिंक यांतला फरक जवळून पाहू. वर्गमूळ काढणारी ‘एसक्यूआरटी’ वापरून एक छोटी सी फाइल लिहा; संख्या मात्र चालवताना वाचून घ्या, नाहीतर कंपाइलर उत्तर आधीच काढून ठेवतो. लिनक्सवर जीसीसी या कंपाइलरला ‘जीसीसी -सी’ असं दिलं की बिनतक्रार ‘.ओ’ ही ऑब्जेक्ट फाइल तयार होते. कंपाइल झालं! त्याच ‘.ओ’ पासून प्रोग्रॅम बनवायला गेलात, की ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू एसक्यूआरटी’. हा जोडणीचा एरर. गणिताची लायब्ररी वेगळी असते, त्यामुळे ओळीच्या शेवटी ‘-एलएम’ लागतं. शेवटीच द्या, लायब्ररी आधी आणि ‘.ओ’ नंतर असा क्रम लावला तर बऱ्याचदा तोच एरर पुन्हा येतो. हीच फाइल मॅकवर ‘-एलएम’ शिवाय जोडली जाते, कारण तिथे गणित मूळ सिस्टिम लायब्ररीतच आहे. ‘माझ्याकडे कंपाइल होतं, तुझ्याकडे का नाही’ या वादांतले कितीतरी वाद खरं तर जोडणीचे असतात. याउलट ‘अमुक डॉट एच : नो सच फाइल’ असा एरर असेल, तर तो कंपाइलचाच : हेडर सापडलेली नाही.

जोडणीचा एरर प्रत्येक ठिकाणी वेगळं तोंड घेऊन येतो. मॅकवर ‘अनडिफाइन्ड सिम्बॉल्स फॉर आर्किटेक्चर’, विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओत ‘एलएनके2019’. शोधताना हे ओळखता आलं की अर्धं काम होतं.

मॅकची आणखी एक खोड. तिथे ‘जीसीसी’ टाइप केलं तरी मागे क्लँग हा दुसराच कंपाइलर असतो. होमब्रू (मॅकवर पॅकेजं बसवणारं साधन) हेडर वेगळ्या पॅकेजात ठेवत नाही, पण ॲपल सिलिकॉनवर सगळं ‘/ऑप्ट/होमब्रू’ मध्ये ठेवतं आणि कंपाइलर आपणहून तिथे पाहत नाही. ‘सीपीपीफ्लॅग्ज’ मध्ये तिथला इन्क्लूड आणि ‘एलडीफ्लॅग्ज’ मध्ये तिथला लिब सांगावा लागतो. टीमक्सचा कॉन्फिगर तर मॅकवर मुद्दाम अडून बसतो : यूटीएफ8प्रॉक (युनिकोडची लायब्ररी) हवं की नको, ते स्पष्ट सांगा म्हणतो. ‘एनेबल’ म्हणावं, मॅकची स्वतःची युनिकोडची सोय तोकडी आहे.

विंडोजवर टीमक्स थेट बांधता येत नाही. डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत चालणाऱ्या लिनक्समध्ये) वर दिलेल्या उबुंटूच्याच पायऱ्या चालतात. इतर प्रोग्रॅम एमसिस2 मध्ये (विंडोजवर लिनक्ससारखी साधनं देणाऱ्या संचात) बांधले, तर ते त्याच्या खिडकीत नीट चालतात आणि बाहेर डबल क्लिक केलं की ‘डीएलएल (चालवताना लागणारी लायब्ररी) सापडत नाही’ म्हणतात. इथे कंपाइल झालंय, जोडणीही झालीय. अडलंय ते चालवताना. लिनक्सवर याचं भावंड ‘एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज’. लायब्ररी नुकतीच ‘/यूएसआर/लोकल/लिब’ मध्ये बसवली असेल, तर एकदा ‘सुडो एलडीकॉन्फिग’ चालवा.

राहिलं ‘मेक इन्स्टॉल’. हे म्हणजे मुख्यतः तयार फाइली योग्य जागी नेऊन ठेवणं. ‘परमिशन डिनाइड’ आलं तर सुडो (प्रशासकाच्या अधिकाराने आज्ञा चालवणारं साधन) वापरा, किंवा सुरुवातीलाच कॉन्फिगरला ‘--प्रीफिक्स’ देऊन घरच्या फोल्डरमध्ये बसवा; काढून टाकायलाही ते सोपं. नवी आवृत्ती बसवूनही जुनीच चालत असेल तर बॅशने (आज्ञा घेणाऱ्या शेलने) जुना पत्ता लक्षात ठेवलेला असू शकतो. ‘हॅश -आर’ द्या.

लिहिताना ‘कंपाइल’ की ‘कंपाईल’ असंही विचारलं जातं. दोन्ही छापलेलं दिसतं. मी ‘टाइप’, ‘फाइल’ यांच्या जोडीने ऱ्हस्व लिहितो.