पंपिंग ६० टक्के, तरी ऑपरेशन?

प्रश्न : वडील ६१ वर्षांचे आहेत. हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या मिट्रल झडपेची पाकळी ढिली होऊन 'सिव्हिअर' गळती आहे. इकोत ईएफ (पंपिंग) ६० टक्के आणि पुढे 'नॉर्मल' लिहिलं आहे. दमही लागत नाही. तरी डॉक्टर ऑपरेशन लांबवू नका म्हणतात. घाई कशाला?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मोठी मिट्रल गळती असताना ६० टक्के ईएफ नॉर्मल समजू नका. डाव्या खालच्या कप्प्यातलं किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर पडलं, एवढंच ईएफ सांगतो. ते कुठे गेलं, ते सांगत नाही. समजा, कप्प्यात २०० मिली रक्त भरलं आणि आकुंचनानंतर ८० मिली उरलं. १२० मिली बाहेर पडलं, ईएफ ६० टक्के. पण त्यातलं ६० मिली झडपेतून मागे वरच्या कप्प्यात गेलं असेल, तर शरीराला निम्मंच मिळालं. शिवाय वरच्या कप्प्यात दाब कमी असतो. तिकडे रक्त ढकलायला स्नायूला फारसा जोर लागत नाही. त्यामुळे स्नायू थकत चालला तरी आकडा चांगलाच दिसतो. ऑपरेशनने मागची वाट बंद झाली की हा आकडा उतरतो, आणि आधीच कमजोर झालेला स्नायू नंतर पूर्ण सावरेलच असं नाही.

म्हणूनच अशा तीव्र गळतीत ईएफ ६० किंवा त्याखाली आला, किंवा आकुंचनाच्या शेवटी कप्प्याचा व्यास ४० मिमी वा अधिक झाला, की त्रास नसतानाही ऑपरेशन सुचवतात. (हार्ट अटॅकनंतर कप्पा फुगून होणाऱ्या गळतीचा हिशेब वेगळा.) रिपोर्टात हा व्यास 'एलव्हीआयडीएस' या नावाने असतो. तो कप्प्याच्या लांबीला काटकोनात मोजायला हवा. रेघ तिरकी पडली तर ३८ चे ४१ सहज होतात. ईएफही नुसत्या नजरेने ठरवलेला नको, सिम्पसन पद्धतीने, म्हणजे कप्प्याची आतली कड आखून मोजलेला हवा. आकडे सीमेवरचे असतील तर पुन्हा मोजून घ्या आणि सोबत स्ट्रेन (आकुंचनात स्नायू किती आखडतो, त्याचं इकोवरचं मोजमाप) करून घ्या. स्नायूची कमजोरी त्यात ईएफच्या आधी दिसू शकते.

दम लागत नाही म्हणता, पण वडील जिना टाळू लागले आहेत का, ते बघा. शंका असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली ट्रेडमिल टेस्टवर कळेल.

प्रश्न : सहा महिन्यांपूर्वी गळती 'मॉडरेट' होती, आता दुसऱ्या सेंटरवर 'सिव्हिअर' आली. खरं काय मानायचं?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी दोन्ही दिवसांचं बीपी बघा. बीपी चढलेलं असताना तीच गळती मोठी दिसते, म्हणून रिपोर्टवर बीपी लिहायला आवर्जून सांगा. दुसरं कारण मशीनचं. इकोत रक्ताचा वेग रंगांत दाखवतात. त्या रंगाची स्केल खाली ठेवली की गळतीचा झोत फुगून दिसतो. ती साधारण सेकंदाला ५० ते ६० सेंमी हवी. निव्वळ रंगावर विसंबू नका. गळतीचं छिद्र ०.४ चौ. सेंमी, दर ठोक्याला मागे जाणारं रक्त ६० मिली आणि झोताची मान (सर्वात अरुंद भागाची रुंदी) ७ मिमी, यांच्या आसपास किंवा वर आकडे असतील तरच 'सिव्हिअर' म्हणण्यात अर्थ आहे. प्रोलॅप्समध्ये (पाकळी ढिली होऊन मागे झुकते तेव्हा) गळती कधी कधी आकुंचनाच्या उत्तरार्धातच होते. तेव्हा एका फ्रेमवरून काढलेला छिद्राचा आकडा फसवा मोठा येतो. नाडी अनियमित असेल तर किमान पाच ठोक्यांची सरासरी घ्यायला सांगा. पुढचा इको शक्यतो त्याच सेंटरवर करा आणि जुनी सीडी सोबत न्या.